मिरची नसताना मिरचीचा वास

"ही फिट आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि मला चक्क हसू आलं.

सुरतेच्या दवाखान्यातली ती लहानशी खोली. समोर डॉक्टर बाई, शेजारी आमचे हे, आणि मागे स्टुलावर माझ्यासोबत मिरचीच्या पथारीवर काम करणारी सुमन. हसू यायचं कारण असं, की फिट म्हणजे मला एकच माहीत होतं. माणूस धाडकन पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो आणि भोवतीचे चार शहाणे त्याच्या नाकाला चप्पल लावतात. मी सेहेचाळीस वर्षांत एकदाही अशी पडलेली नव्हते. दिवसभर उन्हात उभं राहून चाळीस बायांवर ओरडणारी बाई मी, मला कसली आलीय फिट?

"पडायलाच पाहिजे असं काही नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या ज्या भागात फिट उठते, त्या भागाचं जे काम असेल तेच बिघडतं. तुमची फिट वासाच्या जागेजवळ उठते."

डॉक्टर बाई अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलत होत्या. आम्हा नंदुरबारकरांना ते समजायला अडचण नाही, पण इथं मी मराठीतच लिहिते. लिहायचं कारणही सांगून टाकते. तुमच्या घरात कुणाला असं काही होत असेल आणि तुम्ही माझ्यासारखंच त्याला भलतंच नाव देऊन बसला असाल, तर दोन वर्षं फुकट घालवू नका.

नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या आहेत. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. दसऱ्यानंतर मिरची यायला लागते आणि होळीपर्यंत सगळा रस्ता लाल असतो. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायला बाया बसतात. मी पंधरा वर्षं देठ खुडले, मग मालकांनी मुकादम केलं. तरी हात स्वस्थ बसत नाहीत. बोलता बोलता चार मिरच्या उचलायच्या, देठ खुडून टाकायचे. सवयच ती.

दोन हंगामांपूर्वी पहिल्यांदा झालं. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटलं. सारंगखेड्याच्या जत्रेत पाळणा वरून खाली येताना होतं ना, अगदी तसं. आणि लगेच मिरची जळाल्याचा वास. मी ओरडले, "कोण जाळतंय गं मिरची?" पुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा उभीच होते, डोकं जड झालं होतं आणि हातातल्या चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहीत होते तेच सुचेना.

आता मला सांगा, मिरचीच्या पथारीवर बाई म्हणाली मिरचीचा वास येतो, तर कोण दचकणार? आणि ती गप्प उभी राहून बोटांनी देठ खुडल्यासारखं करते, ओठ चावल्यासारखे हलवते, तर त्यात काय नवल? तिथं दिवसभर सगळ्याच बाया तेच करतात. तोंडात तंबाखू असते, बोटं चालू असतात. माझं दुखणं माझ्या कामाच्या आड असं काही लपलं, की मलाही ते दिसलं नाही.

पोटातून वर चढतं म्हणून मी आधी पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. डोकं जड होतं म्हणून रक्तदाब मोजून झाला. एका डॉक्टरांनी पाळी जायची वेळ आली म्हणून सांगितलं, तेही मी मुकाट्यानं मानलं. मग जाऊबाईंनी दृष्ट काढली. दृष्ट काढायची म्हणजे मीठ-मोहऱ्या आणि मिरच्याच उतरवून चुलीत टाकायच्या. ज्या वासानं मी बेजार, तोच घरात मुद्दाम केला. घरभर खोकला झाला. ठसका लागला म्हणजे दृष्ट फार नव्हती म्हणे. मनात आलं, मग मला झालंय तरी काय?

उलगडा केला सुमननं. ती धानोऱ्याची. आषाढात तिच्या घरी मला जेवायला बोलावलं होतं. बाहेर चिखल, पथारी बंद होऊन चार महिने झालेले. तिच्या घरात त्या दिवशी फोडणीलासुद्धा लाल मिरची नव्हती, ठेचा हिरव्या मिरचीचा होता. मी घास घेता घेता थांबले, वर बघत राहिले आणि उजव्या हाताची बोटं ताटावर हवेतच देठ खुडायला लागली. ती मला हाका मारत होती म्हणे, मी बघत होते पण ओळखत नव्हते. मिनिट-दीड मिनिटानं मी भानावर आले, तेव्हा ती माझं मनगट धरून बसली होती.

"ताई, तुम्ही काय करी ऱ्हायनात?" ती म्हणाली. "आठे मिरची कोठे शे?"

इथं मिरची कुठंय, हा तिचा प्रश्न ऐकून मी ताट बाजूला सारलं. कारण मला आत्ताच, तिच्या त्या ओल्या घरात, जळक्या मिरचीचा वास आला होता.

मी तिला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तिनं शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांना जाऊन सांगितलं. तेव्हा मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. आज तिचे पाय धुवून पाणी प्यायची माझी तयारी आहे.

शपथ का घातली, तेही सांगायला हवं. माझी एकुलती एक लेक कविता पुरुषोत्तमनगरला दिलेली आहे, जावई साखर कारखान्यात आहेत. तिला तेव्हा चौथा महिना होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर देवानं दिवस दाखवला होता. बाळंतपण माझ्याकडेच होणार होतं. आमच्याकडे आजी पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडगीवर पालथं घेते, तेल लावते, कढत पाणी घालते. माझ्या आईनं कविताला अशीच न्हाऊ घातली होती. मी सहा वर्षं तेवढ्याचीच वाट बघत होते. आणि 'आईला मिरगी येते' असं एकदा तिच्या सासरी कळलं, की लेकीला कोण पाठवणार होतं माझ्याकडे? आणि पाठवलं तरी बाळ माझ्या पायांवर कोण देणार?

म्हणून मी डॉक्टरांशीही खोटं बोलले. हे मला नंदुरबारच्या ज्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांनी सगळं विचारलं. मी म्हणाले, जरा चक्कर येते, बाकी काही नाही. त्यांनी ईईजी काढला. ईईजी म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतली वीज कागदावर उमटवतात. दुखत काही नाही, फक्त डोक्याला चिकट लागतं आणि केस धुता धुता जीव जातो. तो चांगला आला. मी खूश. पण डॉक्टर सरळ माणूस, म्हणाले की फिट येत नसतानाचा ईईजी चांगला येऊ शकतो, एकदा सुरतेला दाखवा. त्यांनीच चिठ्ठी दिली.

सुरतेला आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. दवाखान्याच्या बाकावर तीन तास बसायला लागलं, पण त्या तीन तासांत मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या पुस्तकानं शिकवलं नसतं. शेजारी धडगावकडची एक पावरा समाजातली बाई नवऱ्यासोबत आली होती. तिला डाव्या बाजूला लाल-हिरवे गोळे फिरताना दिसायचे, मग डोकं ठणकायचं. घरच्यांनी दोनदा चष्मा करून दिला होता. नवऱ्यानं दोन्ही चष्मे सोबत आणले होते, डॉक्टरांना दाखवायला. पलीकडे नवापूरचा कोंबड्यांच्या फार्मवर काम करणारा तरणा गडी होता. त्याचा उजवा अंगठा आपोआप उडायचा, मग मनगट, मग कोपर. त्याला वाटायचं क्रेट उचलून शीर आखडली. एकदा अंड्यांचा पूर्ण ट्रे खाली गेला तेव्हा मालकानं त्याला इथं धाडला. मी मनात म्हटलं, ह्यांना डोळ्यांच्या आणि हाडांच्या डॉक्टरकडे जायला हवं, ही माणसं इथं कुठं आली?

आमचा नंबर लागला. डॉक्टर बाईंनी मला एकच विचारलं: अगदी सुरुवातीला, सगळ्यात आधी काय होतं? मी म्हटलं, चक्कर. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सुमनकडे वळल्या. म्हणाल्या, पेशंटला स्वतःला अर्धंच माहीत असतं, ज्यानं बघितलं त्याचं मला ऐकायचंय. सुमननं सगळं करून दाखवलं. नजर वर लावली, ओठ हलवले, बोटांनी देठ खुडले. आरशात बघावं तसं मी बघत होते. मला लाज वाटली. आणि मग सुमन म्हणाली की त्या दिवशी घरात मिरची नव्हती.

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "वास येतो का कसला?"

मला खोटं बोलवलं नाही. पदर डोळ्यांना लावून मी सगळं सांगितलं, वास, पोट, पाळणा, सगळं. तेव्हा त्या म्हणाल्या, ही फिट आहे. आणि तेव्हा मी हसले, ते वर सांगितलंच.

तिला 'फोकल सीझर' म्हणतात. म्हणजे पूर्ण मेंदूत नाही, एकाच भागात उठणारा झटका. कानाच्या आतल्या बाजूला 'टेंपोरल लोब' नावाचा भाग असतो. वास, आठवण, भीती यांचं काम तिथं चालतं, म्हणून मला वास येतो आणि पोटातून वर चढतं. कुणाला नव्या जागी 'इथं आपण येऊन गेलोय' असं वाटतं, कुणाला विनाकारण धडकी भरते. आधीचा वास म्हणजे 'ऑरा', पण तो नुसता इशारा नव्हे, फिटची सुरुवातच असते. आणि झटका पुढं पसरला की भान जातं, ओठ आणि हात आपापलं चालू ठेवतात.

मी त्या बाकावरच्या दोघांचं विचारलं. दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, पण एवढं ध्यानात ठेवा. डोक्याच्या मागच्या भागात बघण्याचं काम चालतं, तिथं झटका आला तर रंग आणि दिवे दिसतात. पुढच्या भागात हातपाय हलवण्याचं काम असतं, तिथं आला तर हात उडतो, मान वळते, कुणी झोपेत लाथा मारतो. त्याच्या जरा मागे आला तर नुसत्या मुंग्या येतात. बाहेरून बघणाऱ्याला चार वेगळे रोग वाटतात, असतो एकच.

आमचे हे वीज मंडळातून वायरमन म्हणून रिटायर झालेत. यांना एकदम कंठ फुटला. म्हणाले, मॅडम, म्हणजे कुठल्या गल्लीतले दिवे गेले त्यावरून फॉल्ट कुठं आहे ते कळतं, तसंच ना? नवापूरची लाईन गेली तर शहाद्याला पत्ताही नसतो. पण फॉल्ट मोठा असला तर सगळा जिल्हा अंधारात जातो. डॉक्टर बाई म्हणाल्या, बरोबर, आणि सगळा जिल्हा अंधारात जातो ती तुम्हाला माहीत असलेली पडण्याची फिट. यांची छाती अशी फुगली, की घरी येईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकाला तेच समजावत होते. "आपला फॉल्ट सापडना," म्हणजे सापडला, असं मला चारदा सांगितलं.

मग एमआरआय झाला. एमआरआय म्हणजे बोगद्यासारख्या यंत्रात झोपवून आतले फोटो काढतात. आवाज पथारीच्या ट्रॅक्टरपेक्षा वाईट, पण त्रास काही नाही. उजव्या टेंपोरल लोबमध्ये आत बारीकसा व्रण दिसला. लहानपणच्या एखाद्या तापातला असेल, नक्की सांगता येणार नाही म्हणाल्या. जागरण करून पुन्हा ईईजी काढला, त्यात त्याच जागी खूण सापडली.

गोळी सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ. या गोळीनं कुणाकुणाची चिडचिड वाढते, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं. हे म्हणाले, आधीची किती होती ते लिहून ठेवा, नाहीतर वाढली ते कळणार कसं? आणि पाळायच्या गोष्टी सांगितल्या. गोळी चुकवायची नाही, मनानं बंद करायची नाही. चुलीपाशी, गच्चीवर, विहिरीपाशी एकटीनं जायचं नाही. न्हाणीघराची कडी लावायची नाही. फिट आली तर सोबतच्यानं धरून ठेवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा काही नाही. धोक्यापासून दूर करायचं, शांत बोलायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना.

शेवटी मी विचारलं, नातवंडाला पायांवर घेऊन न्हाऊ घालता येईल का?

त्या म्हणाल्या, कढत पाण्यापाशी नाही. जमिनीवर, गादीवर बसून घ्या, शेजारी कुणीतरी असू द्या.

महिन्यात चार-पाचदा यायची ती गोळीनं एकावर आली. कविता सातव्या महिन्यात आली. मी तिला काही सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणत दोन महिने गेले. मुलगी झाली, गोरी, केसाळ. दवाखान्यातून घरी आणली, पाणी तापलं, पाट मांडला, आणि मी म्हटलं माझा गुडघा धरलाय. शेजारच्या काकूंना बोलावलं. दुसऱ्या दिवशीही गुडघा, तिसऱ्या दिवशीही गुडघा. मी दारात उभी राहून बघायचे, आणि काकू पाणी घालायला लागल्या की मागल्या अंगणात जायचे.

आठव्या दिवशी कवितानं मला स्वयंपाकघरात गाठलं. तिचे डोळे भरलेले होते.

"माय, पोर व्हयनी म्हनीसन तू नाराज शे का?"

मला वाटलं धरणी दुभंगावी. सहा वर्षं मी या पोरीसाठी नवस बोलले आणि माझ्या लेकीला वाटत होतं मुलगी झाली म्हणून मी तोंड फिरवलं. मी तिथंच फरशीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. वास, सुमन, सुरत, गोळ्या, आणि मी का लपवलं ते. बाहेरून यांनी फॉल्टचं पुराण सुरू केलं, त्यांना मी गप्प बसवलं.

कवितानं माझे अश्रू पुसले. पण त्या दिवसापासून मी बाळ घेतलं की ती दोन मिनिटांत यायची आणि म्हणायची, तिला भूक लागली असेल, दे. कधी म्हणायची, झोप आली असेल. कधी वाईट शब्द नाही, आवाज चढवणं नाही. मी देऊन टाकायचे. तिची चूक मी म्हणत नाही, तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण आतून मी तुटत होते, ते लपवून काय करू?

बाळ सव्वा महिन्याचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोधडीवर बसले होते. बाळ मांडीवर जागं होतं आणि माझं बोट धरून होतं. कविता समोर दुपटी घड्या घालत होती. आणि पोटातून ते वर चढलं. मग वास.

आधी असं झालं की मी वासाच्या मागे धावायचे, कोण जाळतंय म्हणून. या वेळी मला ठाऊक होतं की कुणीही जाळत नाहीये, हा माझाच वास आहे, आणि माझ्यापाशी थोडेच क्षण आहेत. भीती वाटायलाही वेळ नव्हता. मी बाळ उचललं, हात लांब केले आणि म्हटलं, "कविता, ले."

पुढचं कवितानं सांगितलं. तिनं बाळ घेतलं आणि माझी नजर गेली. ओठ हलायला लागले, मांडीवर बोटं देठ खुडायला लागली. तिनं मला धरलं नाही, हाका मारून गोंधळ केला नाही. जवळचा पितळी डबा बाजूला सरकवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली आणि 'माय, मी आठेच शे' एवढंच म्हणत राहिली. सव्वा मिनिट. भानावर आल्यावर मी तीनदा विचारलं म्हणे, पोर कुठंय, पोर कुठंय, आणि तीनदा तिनं मला बाळाचा चेहरा दाखवला.

यांनी सुरतेला फोन लावला. डॉक्टर बाईंनी गोळी थोडी वाढवली. म्हणाल्या, या वेळी इशारा मिळाला, तरी दर वेळी तो मिळेलच याच्या भरवशावर राहू नका. शेजारी माणूस हवंच. ते मी आजही पाळते आणि तुम्हीही पाळा. गोळी वाढवल्यापासून फिट आलेली नाही. मी पथारीवर परत जाते, पण आता मी खाली सतरंजीवर बसून बायांची नावं लिहिते आणि सुमन माझ्याशेजारी बसते. तिच्यावर मी ओरडत नाही, एवढं तरी बदललं.

फिट आली त्याच दुपारी मी तासभर झोपले होते. उठले, तोंड धुतलं आणि जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, बाळापासून लांब. मला वाटलं होतं, संपलं. आता कविता बॅग भरेल, जावयांना बोलावेल. माझ्या मनात तिच्यावर राग नव्हता.

कविता आतून आली. तिनं गोधडी झटकून पुन्हा जमिनीवर अंथरली, भिंतीला लोड लावला आणि मला हाताला धरून खाली बसवलं. मग ती स्वतः माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"धर तुन्ही नात," ती म्हणाली. "मी आठेच शे."